काय म्हणता, दाजी?

१

शनिवारी एक वाजता थॉर्नशॉच्या गिरणीचा भोंगा व्हायचा, चारशे माग एकदम थांबायचे, आणि तरी विणकाम खात्यातली माणसं पाच-दहा मिनिटं आवाज न काढताच बोलत राहायची. सवयच तशी. त्या खडखडाटात स्वतःची शिंक स्वतःला ऐकू यायची नाही, म्हणून सगळं थॉर्नशॉ ओठांनी बोलायचं आणि डोळ्यांनी ऐकायचं. बायका खात्याच्या या टोकावरून त्या टोकावरच्या मैत्रिणीला सुनेची उणीदुणी सांगायच्या, आणि मधल्या मागावर उभ्या असलेल्या सुनेनेही ती वाचलेली असायची.

अमॉस टॅटर्सॉल या खात्यात जॉबर होता. बिघडलेले माग ताळ्यावर आणणं हे त्याचं काम. सव्वीस वर्षांत मागांनी त्याचे कान खाऊन टाकले होते. दारावरची थाप त्याला ऐकू येत नसे. चॅपेलमधलं गाणं बाकाच्या लाकडातून काय पायांना कळेल तेवढंच. पण समोरच्याचे ओठ तो असे वाचायचा, की मनातल्या मनात शिवी देणाराही त्याला पाहून तोंड घट्ट मिटून घ्यायचा.

शनिवारी दुपारी हाच माणूस बरा कोट घालायचा, कोपऱ्यातली काठी उचलायचा आणि थॉर्नशॉ फुटबॉल क्लबचा पंच व्हायचा. तेव्हाचा कायदा असा होता, की प्रत्येक क्लबने आपला एक पंच आणायचा आणि खेळाडूने 'काय म्हणता, पंच?' असं अपील केल्याशिवाय पंचाने काही द्यायचं नाही. चेंडू दोन खांबांमधून सरळ पार गेला, पण कुणी विचारलंच नाही, तर गोल नाही. विचारलं आणि पंचाला पटलं, तर त्याने काठी वर करायची. दोन पंचांचं जमलं नाही, तर कडेला घड्याळ घेऊन उभा असलेला रेफरी निकाल द्यायचा. खांबांमागे जाळी नसायची, त्यामुळे चेंडू रेषेपार गेला की नाही हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आणि इमानावर.

बाकीच्या क्लबांचे पंच आपल्या पोरांसाठी काठी उचलायला टपलेले असायचे. अमॉसची काठी थॉर्नशॉच्या विरुद्धसुद्धा वर गेलेली लोकांनी पाहिली होती. त्यापायी त्याने गावात शिव्याही खाल्ल्या होत्या आणि मानही मिळवला होता. माणसाजवळ एक तरी वस्तू कुणाच्या बापाची नसावी असं तो म्हणायचा, आणि त्याच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे त्याचा उजवा हात होता.

२

अठराशे चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात काउंटी कप सुरू झाला, तेव्हा थॉर्नशॉच्या अकरांत जेम इंगम नव्हता.

जेम म्हणजे अमॉसचा मेहुणा, त्याच खात्यात चार माग चालवणाऱ्या त्याच्या बायकोचा, टॅबिथाचा धाकटा भाऊ. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, कपच्या आधीच्या मोसमात, ब्रूकबीविरुद्ध त्याने मारलेला चेंडू गोलाच्या तोंडाशी चिखलात रुतून बसला. जेमने वळून अपील केलं आणि त्याच क्षणी ब्रूकबीचा गोलकीपर त्याच्या छातीवर आदळला. अमॉसची काठी खालीच राहिली. थॉर्नशॉ एका गोलाने हरलं. जेमच्या तीन फासळ्या मोडल्या, छातीत पाणी झालं आणि अकराव्या दिवशी तो गेला. जाण्याआधी त्याने एवढंच विचारलं होतं, "दाजी, काठी का नाही उचललीत?"

"ऐकू आलं नाही रे मला," अमॉस म्हणाला होता. "डोळे चेंडूवर होते. तुझं तोंड दिसलंच नाही."

गावाने ते मान्य केलं. जॉबरला ऐकू येत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टॅबिथानेही मान्य केलं, आणि भावाचे बूट तेल लावून वरच्या खोलीत ठेवून दिले.

तर ऑक्टोबरातला तो पहिला सामना हार्लटनशी होता. पाऊस नुकताच थांबला होता, मैदानाचं दही झालं होतं. बरोबरी चालू असताना हार्लटनच्या गोलापुढे आठ-दहा जण एकमेकांवर पडले आणि त्या ढिगातून चेंडू हळूच घरंगळत रेषेपलीकडे गेला. चांगला हातभर आत. कुणालाच कळलं नाही. पोरं चिखलात तोंडं खुपसून पडलेली, आणि गोलकीपर चेंडू गुपचूप बाहेर ओढायला निघालेला.

"काय म्हणता, दाजी?"

अमॉसने काठी वर केली. सामना जिंकला.

मागाहून 'ब्लॅक बुल'च्या मागच्या खोलीत पोरं पाय धूत होती, तेव्हा कॅप्टन ईलाय ऑर्मरॉडने विचारलं, "पण अपील केलं कुणी?"

"मी नाही," एकजण म्हणाला. "माझ्या तोंडात निम्मं हार्लटन होतं."

"मग काय जॉबरने स्वतःच केलं?"

सगळे हसले. अमॉसही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की तो आवाज त्याने वाचला नव्हता. ऐकला होता. स्वच्छ, कानाशी, त्या पोराच्या खास चढ्या सुरात. मैदानावरचे अकराही जण त्याला 'पंच' म्हणत. 'दाजी' म्हणणारा एकच होता.

३

घरी टॅबिथाने बटाट्याचा रस्सा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"आज कुणाचेच ओठ हलले नाहीत," ती म्हणाली. ती मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभी राहून प्रत्येक सामना बघायची. "मी बघत होते. तुम्ही काठी कशावर उचलली हो?"

"कुणीतरी ओरडलं असेल चिखलातून."

"आणि तुम्हाला ऐकू आलं?"

अमॉसने घास तोंडात कोंबला. उत्तर टाळायला घास फार उपयोगी पडतो.

माणूस डोक्याने चालणारा होता, तेव्हा त्याने डोक्यानेच सुरुवात केली. कानाचा रोग असेल. कान जाताना शिट्ट्या वाजतात, घंटा वाजतात, असं त्याने म्हाताऱ्या जॉबरांकडून ऐकलं होतं. टॅबिथाने कोमट तेल घातलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून पाहिला. काही नाही. पातेल्यावर डाव आपटून पाहिला. मनगटाला हादरा बसला, कानाला काही नाही. मग जिन्याखाली उभं राहून त्याने वरच्या बंद खोलीकडे कान दिला, आणि आपण हे का करतोय हे कळताच स्वतःवरच चिडून तिथून निघून गेला.

दुसऱ्या फेरीतही तेच घडलं. चेंडू खांबाला आतून लागून पार गेला, पोरं दमून वाकलेली, आणि "काय म्हणता, दाजी?" गोल खराच होता. अमॉसने काठी उचलली आणि मनाची समजूत काढली. गोल खरा आहे ना? मग विचारतोय कोण, याची पंचाला काय पंचाईत?

पण त्या रात्री जेवताना हातातला चमचा ठेवून त्याने पहिल्यांदा उजव्या हाताकडे नीट पाहिलं. आज काठी वर जाताना आपण ती उचलली, की ती गेली, हे त्याला नक्की सांगता येत नव्हतं.

४

उपांत्य सामना जानेवारीत झाला. जमीन गोठून कडक झाली होती, लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. अखेरच्या पाच मिनिटांत ईलायने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. वीतभर बाहेरून. अमॉस बारा पावलांवर उभा होता आणि त्याला चेंडू आणि खांब यांच्यामधलं गवत दिसलं.

"काय म्हणता, दाजी?"

नाही, असं तो म्हणणारच होता. पण काठी वर होती. त्याने मान उचलून पाहिलं तर ती डोक्यावर ताठ उभी होती, आणि दंडात असा गारवा भरला होता की हात त्याला आपला वाटेना.

समोरचा पंच संतापाने लाल झाला. रेफरी धावत आला, त्याने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "टॅटर्सॉलची काठी वर गेली म्हणजे चेंडू आत गेलाच. हा माणूस स्वतःच्या बापालाही खोटा गोल देणार नाही."

थॉर्नशॉ अंतिम फेरीत पोचलं. गावाने अमॉसला खांद्यावर घेऊन गिरणीपर्यंत मिरवलं. वरून त्याला शेकडो तोंडं हसताना, ओरडताना दिसत होती, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

सोमवारी त्याने ईलायला मागांच्या गल्लीत गाठलं आणि ओठांनीच सांगितलं, "दुसरा पंच बघ. मी सोडतो."

"वेड लागलं काय, जॉबर? अंतिम सामना ब्रूकबीशी आहे. ब्रूकबीशी! जेमच्या फासळ्या मोडणाऱ्यांशी!"

"तो गोल नव्हता, ईलाय."

ईलायने इकडेतिकडे पाहिलं. त्या खात्यात कुजबुज करण्याची सोयच नव्हती, म्हणून त्याने एकट्या अमॉसला ओठ दिसतील असा तोंडाच्या बाजूला हात आडवा धरला. "मला माहीत आहे. मीच मारला होता. पण आता हे तोंडातून काढू नका, हात जोडतो. तुम्ही सोडलंत तर लोक विचारतील का सोडलं, आणि मग सगळंच जाईल."

ईलाय आपल्या मागाकडे निघून गेला. अमॉसच्या मनात आलं, आता आपल्या नावावर खोटे गोल मिळतात. आपण जन्मभर जपलेली वस्तू दुसरंच कुणीतरी वापरतंय.

५

संध्याकाळी टॅबिथाने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"जेम आहे ना तो?"

अमॉसने तिचा हात बाजूला केला.

"शनिवारी अकराही जणांची तोंडं बंद होती आणि तुम्ही मान वळवलीत. तो हाक मारायचा तेव्हा तुम्ही अशीच मान वळवायचात." तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा खुलला होता. भाऊ गेल्यापासून तो असा खुललेला त्याने पाहिला नव्हता. "कसा आहे हो आवाज? तसाच?"

"तसाच."

"बघा! रागावलेला नाही तो. तुम्हाला तेव्हा ऐकू आलं नाही, यात तुमचा काय दोष? म्हणून आता तुमच्या कानाशी येऊन सांगतोय. त्याला कप हवाय हो. या वेळी तरी ऐका त्याचं."

तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. अमॉसला तो हात काढून घेता आला नाही आणि ठेवताही आला नाही.

कारण फेब्रुवारीत, ब्रूकबीविरुद्धच्या त्या सामन्यात, त्याला सगळं दिसलं होतं. चेंडू रेषेवर अर्धा चिखलात रुतलेला, पार न गेलेला, हे दिसलं होतं. आणि वळलेलं जेमचं तोंडही दिसलं होतं. धोट्याच्या भोकातून तोंडाने सूत ओढून ओढून विणकऱ्यांचे पुढचे दात जातात, तसा त्याचा वरचा एक दात अर्धा गेला होता, तोसुद्धा दिसला होता. अमॉसने अपील वाचलं आणि मनात 'नाही' म्हटलं. निकाल बरोबर होता. पण फासळ्या मोडून पडलेल्या पोराला 'तुझा गोल नव्हताच' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? 'ऐकू आलं नाही' हे सोपं होतं. अमॉस टॅटर्सॉलने आयुष्यात दिलेला तेवढा एकच खोटा निकाल.

आणि जेमने तो खरा मानला होता. दाजींना ऐकू येत नाही, तर ऐकू येईल अशा ठिकाणी जाऊन विचारायला हवं, एवढंच त्या साध्या पोराला समजलं असावं. या विचाराने अमॉसच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यामागून रागही आला, आणि रागाचा त्याला फार आधार वाटला.

"माझा हात आहे," तो रिकाम्या जिन्याकडे बघून म्हणाला. "ध्यानात ठेव. माझा आहे."

६

अंतिम सामना मार्चमध्ये तिऱ्हाईत गावच्या मैदानावर झाला. थॉर्नशॉची गिरणी त्या दिवशी आगगाडीत बसून आली होती. एका बाजूची दोरी सगळी विणकऱ्यांची, आणि टॅबिथा जेमचा निळा गळपट्टा बांधून अगदी पुढे उभी.

ऐंशी मिनिटं झाली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. अमॉसच्या कानात सकाळपासून काही नव्हतं. त्याला वाटायला लागलं होतं की आज काही होणार नाही. तेवढ्यात ईलायने चेंडू हाणला, गोलकीपर घसरला, आणि चेंडू रेषेवरच्या चिखलात रुतून बसला. तीच जागा. अर्धा अलीकडे, अर्धा रेषेवर. गोलकीपरने झडप घालून तो बाहेर फेकला.

अकराही तोंडं अमॉसकडे वळली. "गोल, पंच!" दोरीवरची हजार तोंडं उघडली. ब्रूकबीचा पंच काठी खाली धरून पुतळा झाला होता. रेफरीने अमॉसकडे पाहिलं. त्याचा निकाल कुणाच्या काठीवर लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय म्हणता, दाजी?"

दंडात गारवा भरला. काठी गुडघ्यावरून कमरेला आली, कमरेवरून छातीला. अमॉसने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट पकडलं आणि खाली दाबलं. दुसऱ्याच कुणाचं तरी मनगट दाबावं तसं ते लागत होतं.

"काय म्हणता, दाजी? दाजी, काय म्हणता?"

"ऐकलं!" अमॉस ओरडला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तो किती मोठा होता हे त्याला कळलं नाही. "ऐकलं मी, जेम! तेव्हाही कळलं होतं मला. तुझं तोंड दिसलं होतं. मी खोटं बोललो. चेंडू पार गेला नव्हता. गोल नव्हता, लेका! तेव्हाही नव्हता आणि आजही नाही! आता माझा हात सोड!"

हात सुटला. काठी गवतात पडली.

आवाज थांबला, आणि कानात पुन्हा तेच जुनं, ओळखीचं काहीच-नाही भरलं. अमॉसने मान वर केली. गोलापुढे पोरांच्या श्वासांची वाफ दाटली होती. त्या वाफेत, उजव्या खांबापाशी, जिथे कुणाचाच चेहरा नव्हता तिथे एक तोंड हलत होतं. वरचा एक दात अर्धा होता. आता आवाज नव्हता. अमॉसने ते वाचलं.

"दिसलं होतं तुम्हाला?"

वारा आला, वाफ विरली. अमॉसने दोरीकडे नजर वळवली. तिकडे सगळं थॉर्नशॉ उभं होतं. त्या गलक्यात त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नसतं. पण ती विणकरी माणसं होती. त्याचा शब्द न् शब्द त्यांनी वाचला होता. एकेक तोंड मिटत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मधोमध टॅबिथाचं तोंड आधीच मिटलेलं होतं.

शेवटच्या मिनिटाला ब्रूकबीने चेंडू पळवत नेला आणि थॉर्नशॉच्या खांबांमधून मारला. स्वच्छ पार. त्यांनी अपील केलं. त्यांच्या पंचाने हात हलवायच्या आधी अमॉसने वाकून आपली काठी उचलली आणि सगळ्या गावादेखत वर केली. त्या वेळी तो हात पूर्ण त्याचा होता.

७

परतीच्या गाडीत कुणी त्याच्या डब्यात बसलं नाही. कुणीतरी काठी मोडून त्याच्या दारात टाकली.

ते तो सोसू शकत होता. टॅबिथाने मात्र भांडण केलं नाही की अबोला धरला नाही. ती बोलायची, पण तोंड फिरवून. चुलीकडे बघत, खिडकीकडे बघत, पाठमोरी. तिचे खांदे हलताना दिसायचे, म्हणजे ती बोलतेय एवढं त्याला कळायचं. काय बोलतेय ते कळायचं नाही. बहिऱ्या नवऱ्याला याहून मोठी शिक्षा थॉर्नशॉत कुणाला सुचली नसती. नऊ दिवस तिने ती दिली, आणि ती आपल्याला लागू आहे असं अमॉसलाही वाटत होतं. गोलाबद्दल नाही. त्या खोट्याबद्दल.

दहाव्या दिवशी सकाळी, चारशे माग चालू असताना, तो आठव्या गल्लीत एका मागाचा पट्टा चढवत होता. गल्लीच्या टोकाला, दोन मागांच्या मध्ये, कापसाची धूळ उन्हात तरंगत होती. त्या धुळीत तोंड हललं. खडखडाटात इतरांनी बोलावं तसंच, आवाजाविना, ओठ चांगले ताणून.

"काय म्हणता, दाजी?"

अमॉसचा पट्ट्यावरचा हात जागचा हलला नाही. तो ताठ उभा राहिला, धुळीकडे तोंड केलं आणि ओठ ताणून म्हणाला, "नाही."

ते पुन्हा हललं. "काय म्हणता?"

"रोज विचार. हयातभर विचार. नाही."

त्याने मान वळवली तेव्हा टॅबिथा तिच्या चार मागांमध्ये उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तो ज्या दिशेला बोलत होता तिकडे तिने पाहिलं. पाहतच राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. हातातला धोटा तिने छातीशी धरला. नऊ दिवसांनी पहिल्यांदा ती सरळ अमॉसकडे वळली, त्याला वाचता येईल अशी.

"खरं सांगा. नव्हता ना?"

"नव्हता, टॅबी."

"त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

तिने मान हलवली. गल्लीच्या टोकाला, धुळीत, ते तोंड आता अमॉसकडे नव्हतं. तिच्याकडे वळलं होतं, आणि त्याने एकच शब्द म्हटला. अमॉसने तो कडेने वाचला.

"ताई?"

टॅबिथाच्या गालांवरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही. ती दोन पावलं पुढे गेली, अमॉसच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याचा उजवा हात घट्ट धरला.

"गोल नव्हता, जेम," ती म्हणाली. एकेक अक्षर सुटं करून, तो लहान असताना त्याला ओठ वाचायला शिकवलं होतं तसं. "नव्हता, बाळा."

मग ती मागाशी परतली, धोट्याला तोंड लावून सूत ओढलं आणि माग चालू केला.